गवत कापायच्या गाडीचा पट्टा
रबर जळल्याचा वास आला की मला आखातातल्या अमवाज बेटांवरची ती सकाळ आठवते. मुलाकडे राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या कंपाउंडचे माळीदादा ज्या गाडीवर बसून गवत कापायचे, ती हिरवळीच्या मधोमध नुसती घुरघुरत उभी, चाक म्हणून हलेना, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही तो करपट वास नाकात शिरत होता. सुपरवायझर ओरडला, "इंजिन जला दिया! खलास, अब गाँव जाओ!" माळीदादांचा चेहरा पांढराफटक पडला. अहो, तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई मी. इंजिन जळल्याचा वास वेगळा नि पट्टा घसरल्याचा वेगळा, हे मला कोणी शिकवायला नको. म्हटलं, "इंजिन बंद करो, मैं देखती हूँ." गॅलरीतून मुलगा ओरडला, "आई, बाजूला हो तिथून, लोक बघतायत!" म्हटलं, "बघू देत, तिकीट नाही लावलेलं." पदर खोचून ओल्या गवतात बसले नि खाली हात घातला. पट्टा धडधाकट होता, पण त्याला ताणून धरणाऱ्या पुलीची स्प्रिंग निसटली होती, म्हणून तो सैल पडून घसरत होता. माळीदादांच्या पक्कडीने स्प्रिंग पुन्हा हुकात ओढली, इथल्यांसारखं अरबीत म्हटलं, "यल्ला, चलाओ!" गाडी अशी सुटली की सुपरवायझरला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. माळीदादा अजून इथेच आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी बागेत पाटी लागली, रहिवाशांनी यंत्रांना हात लावू नये. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी मी त्यांना ती पाटी दाखवायला नेते.