चिखल कळेना

माझ्या पावलांना आता काही लागत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. गोंदियाच्या डॉक्टरने जास्त ताकदीच्या बी-वनच्या आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. नसा सुधारतील म्हणाला, पण कधी ते सांगितले नाही. मला भाताच्या रोवणीला पाणी भरलेल्या बांधीत उतरायचे होते. साऱ्या बाया चिखलात रोपे लावणार आणि मी काठाच्या धुऱ्यावर बसणार, हे मला पाहवत नव्हते.

गोळ्यांनी लघवी हळदीसारखी पिवळी झाली. मला वाटले, औषध सारे वाहून चालले. म्हणून मी पाणी पिणे कमी केले. एक दिवस चक्कर येऊन अंगणात पडले, तेव्हा सुनेने खोदून खोदून विचारून कारण काढून घेतले.

"काऊन वो माय, गोळ्या का पोटात कोंडून ठेवता?"

"पाय तुये आहेत का? चूप राय," मी म्हणाले. पण त्या दिवसापासून पाणी पिऊ लागले.

रोवणी लागली. सुनेचा खांदा धरून मी बांधीत उतरले. पोटऱ्यांना पाणी गार लागले. त्याच्या खाली चिखल आहे की वारा, काही कळेना.

"काही लागून राहिलं का?" सुनेने विचारले.

"नाही. मले धुऱ्यावर बसव. अन् औषधाचं दुकान बंद व्हायच्या आधी गोळ्या आण, संपत आल्या."