काजंवाली आणि धाकटा भाऊ

गादीवाल्या मावशींच्या खोलीत कापूस कधी खाली बसतच नसे. उन्हाच्या तिरिपेत तो तरंगत राही, आणि उशा भरता भरता मावशींना वाटे, आपणही जमिनीपासून जराशा वरच आहोत. एकटा जीव, आणि पैशाच्या बाबतीत हात आखडता. परगावच्या धाकट्या भावाने टेम्पोसाठी पैसे मागितले, तेव्हा "बघू" म्हणून त्यांनी विषय टाळला होता.

गल्लीपलीकडच्या खिडकीत एक बाई शर्टांची काजं करत बसायची. दोघी कधी बोलल्या नव्हत्या. दुपारी एकीने चहाचा कप उचलला की दुसरीही उचलायची, एवढंच.

एके दिवशी ती खिडकी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशी अंगावरचा कापूसही न झटकता जिना उतरल्या.

"आलात होय!" बाई म्हणाली, जणू वाटच बघत होती. "मोतीबिंदू झालाय. सुईचं नाकं दिसेना. ऑपरेशन करू, जमेल तेव्हा."

मावशींनी दुसऱ्याच दिवशी पैसे तिच्या हातात ठेवले.

"अहो, मी तुमची कोण?"

"मला एकटीला चहा जात नाही हो."

बातमी भावापर्यंत गेलीच. त्याचा फोन आला. "ताई, सख्ख्या भावाला नुसतं 'बघू', आणि परकीला रोख?"

फोन ठेवून मावशींनी त्याचा चेहरा आठवून पाहिला. डोळ्यांपुढे आला तो चड्डीतला शेंबडा पोरगा. आजचा भाऊ काही केल्या दिसेना.

रविवारी त्या त्याच्या घरी गेल्या. तो दिवसभर दुसऱ्याचा टेम्पो चालवून आला आणि जेवता जेवताच पेंगला. मान कललेली, तोंड उघडं, हुबेहूब वडील. भावजय ओशाळली. "रोजचंच आहे हे, ताई."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

सकाळी त्या म्हणाल्या, "टेम्पो कुठला घ्यायचा, ते दाखव तरी."

"राहू दे गं. मी रागात बोललो."

"गप बस. चल."

दोघं गाड्यांच्या रांगांतून हिंडली. शेवटी एका निळ्या टेम्पोत भावाने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. टेम्पो जागचा हलला नव्हता. तरी काचेपलीकडचा रस्ता हळूहळू मागे सरकतोय, असंच मावशींना वाटत राहिलं.