छत्तीस फोटो, दहा पावलं

खर्ड्याच्या पोस्टातून निवृत्त झालेले मच्छिंद्रतात्या चार गावांत एकाच गोष्टीसाठी ओळखले जायचे, ती म्हणजे त्यांचं चालणं. एकतीस वर्षं त्यांनी खर्डा आणि आसपासच्या वस्त्यांवर पायी टपाल वाटलं. मधे कधीतरी सायकल घ्यायचा आग्रह झाला होता, पण तात्यांनी तो मोडून काढला. सायकल पंक्चर होते, तात्या होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तात्या किल्ल्यापाशी दिसले की लोक आपापली घड्याळं लावून घेत, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. ते काही खरं नाही. लावायला घड्याळं होती कुणाकडे? पण तात्या दिसले की बाया भाकरी थापायला घेत, एवढं मात्र खरं.

ह्या माणसाची बायको भागिरथीबाई. ती तात्यांच्या मागून चालायची. बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात, कुठंही जायचं झालं तरी तात्या पुढं आणि मागं दहा पावलांवर पिशवी घेऊन भागिरथीबाई. त्यात गावाला काही वेगळं दिसायचं नाही, कारण सगळ्या गावाचीच चाल तशी होती. फक्त तात्यांची दहा पावलं म्हणजे दुसऱ्याची वीस.

सन शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांच्या लेकीने, दीपाने, नगरजवळच्या केडगावात घर बांधलं. जावई चेतन नगरच्या एमआयडीसीत कामाला होता. वास्तुशांतीचं बोलावणं करायला दीपा खर्ड्याला आली आणि जाता जाता म्हणाली, "तात्या, बाहेरच्या खोलीत लावायला तुमचा नि आईचा एक फोटो द्या. दोघांचा मिळून."

तात्यांनी ट्रंकेतून फोटो काढला. पेन्शनीच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो, तेव्हा जामखेडला जाऊन काढलेला. दीपाने तो उजेडात धरला.

"ह्यात तुम्हाला दोघांना पोलिसांनी धरल्यासारखं दिसतंय."

"सरकारी हाय त्यो."

"दिसतंय ते. दुसरा न्हाई?"

दुसरा नव्हता. लग्नात फोटोवाला नव्हता, आणि लग्नानंतर दोघं एका जागी कधी थांबली नव्हती. "माझ्या सासूबाई आधीच विचारतात, तुझे आईवडील एकत्र येत का न्हाईत म्हणून," दीपा म्हणाली. "त्यांच्या दोघांचा केवढा मोठा फोटो लागलाय भिंतीवर. शेजारी तुमचा नसला तर बरं दिसंल का?" एवढं बोलून ती एसटीत बसली आणि तात्यांच्या डोक्यात खिळा ठोकून गेली.

तात्या आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवत आले, त्यामुळे कोण काय करतं ह्याची त्यांना माहिती फार. नगरच्या भारती फोटो स्टुडिओची जाहिरात त्यांनी पेपरात वाचली होती. 'नगर शहर पाहायला आलात? आमच्यासोबत फिरा. तुम्ही चाला, आम्ही फोटो काढू. अर्धा दिवस, एक रोल, छत्तीस फोटो.' तात्यांना हे एकदम पटलं. चाला. हे जमण्यासारखं होतं. त्यांनी स्टुडिओला जवाबी कार्ड टाकलं, म्हणजे उत्तराचं कार्ड आपणच जोडून. खाली मुद्दाम लिहिलं, 'शेजारी उभे करून फोटो काढू नये. तसा एक आहे. आम्हांस नेहमीसारखे चालतानाचे पाहिजेत.'

उलट टपाली उत्तर आलं, 'गुरुवारी सकाळी दहा, माळीवाडा बसस्थानक. आपला, तुषार.' तात्यांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चार दिवस पारावर ते दिसेल अशा बेताने बसत राहिले.

भागिरथीबाईने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. "अवं, कुनी बघितलं तर काय म्हनंल? ह्या वयात नगरात फोटो काढत फिरायचं."

"नगरात आपल्याला कोन वळखतं?"

गुरुवारी दहाला तुषार गळ्यात दोन कॅमेरे घालून उभा होता. तिशीतला, पुण्याला जाऊन शिकून आलेला, आपल्या कामावर फार जीव असलेला माणूस. म्हणाला, "काका, काकू, मी तुमच्या पुढे असेन, कधी बाजूला. माझ्याकडे बघायचं नाही. मी नाहीच असं समजायचं. रोज चालता तसं चाला."

तात्या चालले.

माळीवाड्याची वेस येईपर्यंत तुषारला दम लागला. तो उलटा चालत होता, त्यात एकदा हातगाडीवर आदळला. "काका, जरा हळू. काकूंना येऊ द्या." तात्यांनी चाल कमी केली. मागं भागिरथीबाईनेही कमी केली. तात्या थांबले, तशी तीही थांबली आणि पदर सारखा करू लागली. दहा पावलं म्हणजे दहा पावलं. मधे सुतळी बांधलेली असावी तसा प्रकार. तुषारने तीन-चारदा प्रयत्न केला, मग त्याला कार्ड आठवलं. 'नेहमीसारखे.' गिऱ्हाइकाने लिहून दिलंय, तर आपण कशाला बोला. तो गप्प राहून फोटो काढू लागला.

चितळे रोड झाला. भुईकोट किल्ल्याचा खंदक झाला. तात्या छाती काढून चालत होते. लोक वळून बघत होते आणि तात्यांना ते आवडत होतं. फोटोवाला आपल्यासाठी उलटा चालतोय, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. भागिरथीबाई मागं आहे, हे ते पार विसरून गेले होते. पण विसरले म्हणजे काय, तर एरवीसारखेच.

शेवटी कापड बाजारात आले. तिथं एका बांगड्यांच्या दुकानापाशी भागिरथीबाई थांबली. घ्यायचं काही नव्हतं, नुसती बघत होती. तात्या बरेच पुढं गेले, काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मागं वळून भर बाजारात आवाज दिला, "आगं पाय उचल की. म्हस हाय का तू?"

दुकानदार हसला. दोन बायका वळल्या. भागिरथीबाई भराभरा चालत आली. आली म्हणजे पुन्हा दहा पावलांवर. बाजूला उभ्या तुषारचा कॅमेरा मधेच वाजला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी फोटोंचं पाकीट रजिस्टरने आलं. आता टपाल वाटायला तात्यांच्या जागी जालिंदर होता. तो घरी आणून देणारच होता, पण तात्या दोन दिवसांपासून पोस्टातच येऊन बसत होते. त्यामुळे सही पोस्टात झाली, आणि पाकीटही पोस्टातच फुटलं. तिथं मनीऑर्डर घ्यायला आलेली राहीबाई होती, पोस्टमास्तर होते, आणि सहज म्हणून आलेले सातआठजण होते. खर्ड्यात सहज येणारे पुष्कळ.

"नगरचा रंगीत फोटोवाला," तात्या म्हणाले. "कार्ड टाकून बोलावला. जोडीचे हायत."

पहिला फोटो हातोहात फिरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्या फारच उमदे आले होते.

"झ्याक," जालिंदर म्हणाला. "काकू कुठं हायत?"

"हाय की." तात्यांनी बोट ठेवलं. वेशीच्या कमानीखाली हिरवा ठिपका होता.

दुसरा फोटो. "ह्यात न्हाईत काकू."

"खांबाच्या मागं असंल."

तिसऱ्यात पिशवी आली होती, बाई नव्हती. चौथ्यात तिच्यापुढं रिक्षा. पाचव्यात तात्यांच्या खांद्यावर तिचं डोकं पाखरासारखं बसलं होतं, कारण ती तेवढी लांब होती. मग सगळ्यांना नादच लागला. प्रत्येक फोटोत भागिरथीबाई शोधायची. "ही बघा." "न्हाई, ती दुसरीच बाई." "लुगडं हिरवंय." "आरं ते लिंबाचं झाडय." पोस्टमास्तरांनी ड्रॉवरमधून पत्ते वाचायचं भिंग काढून दिलं.

पंधराव्या फोटोपर्यंत तात्याही हसत होते. विसाव्याला त्यांनी हसणं थांबवलं. कुणीही त्यांना वाईट बोललं नव्हतं, तरी छत्तीस साक्षीदार एकापाठोपाठ एक उभे राहून एकच गोष्ट सांगत होते. त्यांचे कान गरम झाले.

राहीबाई वयाने मोठी, तिला बोलायला परवानगी लागत नसे. सगळे फोटो बघून झाल्यावर ती म्हणाली, "मच्छिंद्रा, टपालाची पिशवी तरी खांद्याला लावून न्यायचास रं."

पोस्ट हसलं. तात्यांनी फोटो गोळा केले, त्यातले दोन खाली पडले, ते जालिंदरने उचलून दिले. त्या दिवशी तात्या पोस्टातून घरी गेले ते सावकाश. बायांनी तेवढ्यात भाकरी करून झाकूनही ठेवल्या.

घरी भागिरथीबाईने हात पुसून फोटो घेतले. एकेक बघितला. तिला त्यात वावगं काही दिसेना. "चांगले आलेत की. आपन असंच चालतो."

हे ऐकून तात्यांना पोस्टातल्यापेक्षा जास्त लागलं.

"तू मागं का चालतीस?" त्यांनी विचारलं. आवाजात उगाचच राग आला.

"तुमी पुढं चालता म्हनून."

"मग हाक मारायची."

"मारली हुती की. लग्नाच्या दुसऱ्याच दिशी, यष्टीतून उतरल्यावर. तुमास्नी ऐकू आली न्हाई. रस्ता म्हाईत न्हवता मला. तुमचं मुंडासं बघत बघत घरी आले." ती फोटो बघत बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत. "मग मुंडासं दिसंल एवढ्या अंतरानं चालायची सवयच पडली."

तात्या उठून बाहेर गेले. बाहेर काही काम नव्हतं. तसेच परत आले आणि म्हणाले, "हे काय दीपीला द्यायचे न्हाईत. तिच्या सासरी हसं हुईल. जळनात टाक."

"ह्यो देऊ." भागिरथीबाईने एक फोटो बाजूला काढला होता. कापड बाजारातला. तात्या पुढं उभे, पण पूर्ण मागं वळलेले, तोंड अर्धवट उघडं, हात पुढं केलेला. आणि लांबवर, बांगड्यांच्या दुकानापाशी, त्यांच्याकडे बघणारी भागिरथीबाई, डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट. "ह्यात तुमी मागं बघताय."

तात्यांनी फोटो ओळखला. "तवा मी काय म्हनालो हुतो, ध्यानात हाय का तुज्या?"

"हाय की."

"मग?"

"फोटोत आवाज येत न्हाई."

वास्तुशांतीला दीपाने तो फोटो मोठा करून, काच लावून, सासूसासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगला होता. सासूसासऱ्यांचा स्टुडिओतला, खुर्चीवर बसून, मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा. त्याच्याकडे कुणी बघेना. येणारा प्रत्येक माणूस तात्यांच्या फोटोपुढं थांबे.

"बघा किती मायेनं वळून बघतायत," एक बाई म्हणाली.

"आमचे तात्या तसेच आहेत," दीपा म्हणाली. तिने हे इतक्या अभिमानाने सांगितलं की तात्यांनी हातातल्या द्रोणात मान घातली. द्रोणातली बुंदी कधीच संपली होती.

विहीणबाई, म्हणजे रतनबाई, नवऱ्याकडे वळल्या. "तुमी कवा बघितलं असं वळून? पस्तीस वर्षं झाली."

व्याही राधाकृष्णराव चांगले मिशीवाले, पण त्यांचा हात मिशीऐवजी चष्म्याकडे गेला. त्यांनी चष्मा लावला, फोटोच्या जवळ गेले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तोंड उघडं दिसतंय. काय म्हणत होतात हो तेव्हा?"

सगळी खोली तात्यांकडे बघू लागली. तात्यांनी एकतीस वर्षांत हजारो माणसांच्या हातात चांगल्यावाईट बातम्या ठेवल्या होत्या, स्वतःची मात्र त्यांना काढता येईना. खरं बोलावं तर लेकीचा फोटो भिंतीवरून उतरेल, आणि खोटं त्यांना सुचत नव्हतं.

"बांगड्या घ्यायच्या का म्हनून इचारत हुते," दाराशी बसलेली भागिरथीबाई म्हणाली.

"बघा," रतनबाई नवऱ्याला म्हणाल्या. खोलीभर कौतुकाचा आवाज झाला. कुणीतरी तात्यांच्या द्रोणात आणखी बुंदी वाढली. वर भिंतीवरचे तात्या तोंड उघडून उभे होते, आणि त्यांच्या तोंडून काय निघालं होतं ते ह्या घरात दोघांनाच माहीत होतं. त्यांतल्या एकीने ते झाकून टाकलं होतं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी दोघं निघाली. केडगावातून माळीवाड्याला रिक्षा पकडायची, तिथून खर्ड्याची एसटी. तात्या सवयीने दोनतीन घरं पुढं गेले, मग आठवण होऊन थांबले. मागं भागिरथीबाई थांबली. दहा पावलं. तात्या वळले आणि ती दहा पावलं चालून तिच्यापाशी आले. एकतीस वर्षांच्या चालीत एवढं लांबचं अंतर त्यांनी कधी कापलं नव्हतं.

"काय झालं? काय विसरलं का?" तिने विचारलं.

"न्हाई." त्यांनी घसा साफ केला. "बांगड्या घ्यायच्या का? माळीवाड्यापासनं कापड बाजार लांब न्हाई."

"आता कशाला? घेतल्या की फोटोत," ती म्हणाली. "चला, गाडी चुकंल."

चला म्हणाली आणि उभीच राहिली, त्यांनी पुढं व्हावं म्हणून. तात्याही उभेच राहिले, तिने पाऊल टाकावं म्हणून. पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तर ती तिने दुसऱ्या हातात घेतली. तिला वाटलं, त्यांना काहीतरी काढून हवंय.

रस्त्याच्या कडेला माळीवाड्याची रिक्षा उभी होती. आत पाचजण बसून वैतागले होते. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"ओ बाबा, यायचंय ना? मग पाय उचला की."

तात्या दचकले. मागं राहणाऱ्याला असं ऐकू येतं तर. भागिरथीबाईने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की काय, हे बघायला तात्यांनी मान वळवली, आणि वळवायला त्यांना फारसं काही करावं लागलं नाही, कारण ती शेजारीच होती.