लिफ्टमामांची वरची खोली

लिफ्ट बंद पडली, की आत अडकलेली माणसं आधी देवाला हाक मारायची आणि मग लिफ्टमामांना. आणि खरं सांगायचं तर मामाच आधी पोचायचे. वंगणाने काळेकुट्ट हात, कानामागे टेस्टर, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या घाबऱ्याघुबऱ्या लोकांशी दाराच्या फटीतून गप्पा. "काकू, रडू नका. लिफ्ट अशी धाडकन पडत नसते. पडते ती फक्त सिनेमात." मग ब्रेक सैल करून लिफ्ट इंचाइंचाने खाली घ्यायची, दार फाकवायचं आणि काकूंना हात द्यायचा. उभी हयात मामांनी हेच केलं.

निवृत्त झाले आणि मुलीने परदेशी बोलावून घेतलं. जावयाची पाळ्यांची नोकरी, नातू लहान, मुलगी मेटाकुटीला आलेली. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिथे ते नातवाच्या खोलीत घडीच्या पलंगावर झोपायचे. नातू गोड, पण स्पष्टवक्ता. "आजोबा, तुम्ही घोरता. तुमचं घर कुठे आहे?" मामा हसून कूस बदलायचे आणि स्वतःशी म्हणायचे, नाहीच जमलं तर ताईकडची वरची खोली आहे की. एवढं म्हटलं की झोप लागायची.

ताई म्हणजे थोरली बहीण. जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. मामी गेल्या तेव्हा तिने भावाला हाताला धरून आपल्या घरी आणलं, वरची खोली झाडून दिली आणि म्हणाली, "ही तुझी. मी मेले तरी तुझी."

नेमक्या या खोलीनेच घात केला.

झालं असं, की मामांच्या पेन्शनवर इथेही कर कापला जायला लागला आणि तिथेही. दोन्हीकडच्या कात्र्या चालून हातात यायची ती चिंधी. केस कापायलासुद्धा जावयाकडे मागायची पाळी आली. जावई भला माणूस. "घ्या ना, बाबा," म्हणायचा. ते "घ्या ना" मामांच्या घशाखाली उतरत नसे. शेवटी मुलीने तिकीट काढून त्यांना इकडे पाठवलं, "एकदा कागदपत्रांचं निस्तरून या."

करसल्लागार बाई त्यांच्या मुलीच्याच वयाच्या. टेबलावर फायलींची चळत, चळतीवर थंड झालेला चहा.

"मामा, हा अर्ज तुम्ही स्वतः भरलात?"

"माझंच अक्षर."

"'या देशात तुमच्यासाठी राहते घर उपलब्ध आहे काय?' यापुढे काय लिहिलंत ते वाचा बरं."

मामांनी वाचलं. "होय. सख्ख्या बहिणीकडे. वरची खोली. कायमची." 'कायमची'खाली त्यांनी रेघसुद्धा मारली होती. "बरोबर आहे की!"

"बरोबर आहे म्हणूनच तर पंचाईत झालीय! इथलं सरकार म्हणतं, ह्यांचं घर इथे राखून ठेवलंय, म्हणजे हे आमचे रहिवासी. तिथलं म्हणतं, हे जेवतात-झोपतात आमच्याकडे, म्हणजे आमचे रहिवासी. दोघांनी तुमचा एकेक हात धरलाय."

"मग एकाला सोडायला सांगा."

"इथल्यांना सांगू. पण त्यासाठी घरमालकाचं प्रतिज्ञापत्र लागेल. म्हणजे तुमच्या ताईंचं. की माझ्या घरात या इसमासाठी कोणतीही जागा राखून ठेवलेली नाही."

"इसम म्हणजे मी?"

"तुम्हीच."

"आणि हे ताईने म्हणायचं?"

"म्हणायचं कशाला? नुसती सही करायची. मजकूर मी देते."

मामांनी कपाळावरून हात फिरवला. "मॅडम, तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही."

ताईने चष्मा लावून मजकूर वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"बाळ्या, ह्या बाईला भाऊ नाही का?"

"ताई, तो सरकारी मजकूर आहे. सगळ्यांना तोच."

"सख्ख्या भावाला माझ्या घरात जागा नाही, असं लिहून देऊ? शेजारणीने वाचलं तर तोंड दाखवायची सोय राहील का?"

"शेजारीण कशाला वाचतेय? फायलीत जाईल ते."

"फायलीत गेलेलंच वर येतं. मला नको सांगूस."

"अगं, नुसती सही. खोली आहे तशीच राहणार. कोण बघायला येतंय?"

हे बोलायला नको होतं. ताईने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"म्हणजे खोटं लिहायचं."

"कागदापुरतं गं."

"वसतिगृहात एका बड्या माणसाची पुतणी रात्रभर गायब होती. प्राचार्य म्हणाले, हजेरी लावून टाका, कागदापुरती. नाही लावली. माझी बदली झाली, तरी नाही लावली. आता म्हातारपणी तुझ्यापायी लावू होय?"

"मग मी काय करू, तेवढं सांग!" मामांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "केस कापायला जावयाकडे मागतो मी, ताई."

हे त्यांनी मुलीलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. ताईने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. केस कानांवर आले होते.

"तरीच," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामा सकाळचे फिरून आले, तर जिन्यात त्यांचा पलंग उभा. वरून फरफटण्याचा आवाज येत होता. धावत वर गेले. ताई पदर खोचून त्यांचं कपाट रिकामं करत होती.

"ताई, हे काय चाललंय?"

"खोटं मी लिहिणार नाही. आधी खरं करते, मग लिहिते." तिने त्यांचे स्वेटर एकावर एक रचले. "मोठ्या हॉस्पिटलातली एक नर्स जागा शोधत होती. परवा राहायला येतेय. रीतसर भाडेकरार करणार आहे मी."

"अगं, मी सही मागितली होती! खोली कुठे रिकामी कर म्हटलं?"

"सही मागितलीस म्हणजे तेच मागितलंस."

मामा दारातच उभे. थांब म्हणावं तर पेन्शनवर पाणी, चालू दे म्हणावं तर पाय टेकायला जागा नाही. कुठलाही अडकलेला खटका हाताला बरोबर सापडणारा हा माणूस. पण इथे हात कुठे घालायचा तेच कळेना.

"आणि तिकडे मला नाही जमलं तर?"

विचारलं आणि त्यांनाच चपापल्यासारखं झालं. ताईचे हात थांबले. ती वळली नाही.

"कोणी काही बोलतं का तुला तिथे?"

"नाही, नाही. सगळे चांगलेच आहेत."

"मग जमेल." तिने उशी झटकली. "पोटची पोर आहे. ही उशी धर. नेणार की देऊन टाकू?"

"देऊन टाक," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून ते खाली दिवाणावर झोपू लागले. "पाहुणा म्हणून," ताईने बजावलं. "पाहुण्याला चालतं. मी त्या बाईला फोन करून विचारलंय." ताईने त्या बाईला एकदा नव्हे, दिवसातून दोनदा फोन केले होते, असं पुढे बाईंकडूनच कळलं. पाहुण्याला दुपारचं जेवण दिलेलं चालतं का, हेही तिने विचारून घेतलं होतं.

नर्सबाई आल्या, करार झाला. मगच ताईने प्रतिज्ञापत्रावर सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर कोरून. वर करसल्लागार बाईंचा मजकूरही एका जागी सुधारला. "'इसम' खोडलंय. 'माझा धाकटा भाऊ' लिहिलंय. चालत नसेल तर सांगा म्हणावं."

चाललं. कर खात्यातला कारकून तर खूश झाला. "वा! भाडेकराराची प्रतही जोडलीत? इतकं पक्कं काम कोणी आणत नाही हो." त्याने शिक्का उमटवला, पोचपावती पुढे सरकवली. "अभिनंदन, काका. या वर्षापासून तुम्ही इथले रहिवासी नाही."

"आभारी आहे," मामा म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणतात, ते त्यांना माहीत नव्हतं.

विमान संध्याकाळचं होतं. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि पाय आपसूक जिना चढले. दार लोटलं, तर आतून कडी.

"कोण?"

काय सांगावं? "मी... खालचा. ताईंचा भाऊ."

नर्सबाईंनी दार उघडलं. रात्रपाळी करून आलेल्या, डोळे तारवटलेले. "अहो, बरं झालं आलात! ताई म्हणाल्या, तुम्ही मशिनरीतले. हा पंखा बघता का जरा? खडखड खडखड. डोळ्याला डोळा लागत नाही हो."

मामांनी वर पाहिलं. ती खडखड त्यांनी इतकी वर्षं ऐकली होती, की त्यांना ती ऐकूच येत नव्हती. गावाच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच्या पंख्याला कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? ते स्टुलावर चढले, वरची वाटी सरकवली, ढिला झालेला बोल्ट आवळला, एक पातं किंचित वाकवलं. बटण दाबलं. पंखा फिरला आणि त्याचा आवाज म्हणून झाला नाही.

"कमाल आहे!" नर्सबाई म्हणाल्या. "मुकाच झाला की."

तेवढ्यात जिन्याखालून ताईची हाक आली. "बाळ्या! वर पंखा का बंद झाला?"

"बंद नाही, ताई. दुरुस्त केला."

मामा स्टूल धरून वाट बघत राहिले.

"बरं केलंस," जरा वेळाने ताई म्हणाली. "भाडेकरूची तक्रार नको. आता खाली ये. त्यांना झोपायचं असेल."