दुपारी पडणारं नेट

नवरा गेला, आणि पुढच्या पावसाळ्यापासून आमच्या घरचं नेट रोज दुपारी पडायला लागलं.

तसं नेट पडणं मोशीत नवीन नाही. इथं रोज कुणीतरी रस्ता खोदतं, कुणाची तरी केबल तोडतं आणि हात झटकून निघून जातं. पण हे वेगळं होतं. सकाळपासून मॉडेमचे दिवे शहाण्यासारखे स्थिर असायचे. चाकणच्या पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या चौकात माणसं उतरवून गेल्या, की थोड्याच वेळात ते लुकलुकायला लागायचे. नेमक्या त्याच वेळेला माझा नवरा घरी यायचा. यायचा, आणि बूट काढायच्या आधी मॉडेमचं बटण लावायचा. सकाळी जाताना तोच ते बंद करायचा; वापर नसताना मशिन चालू ठेवायचं नाही, हा कंपनीतला नियम तो घरातही चालवायचा.

ही वेळ पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आली. तो गेल्यापासून मी एका ऑफिसच्या बिलांच्या नोंदी घरून करते. त्या दिवशी स्क्रीन अडकली तशी मी करवादले, "गेलं मेलं नेट!"

बीडकडच्या सासूबाई दाराकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "लेकरू आलंय बग. च्या ठिव."

मी भुतंखेतं मानत नाही. मानणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करते. पण त्या दिवशी मी निमूट उठून चहा ठेवला, आणि नंतर दाराकडे पाठ करून बसायची माझी हिंमत झाली नाही.

मग ते रोजचंच झालं. दिवे लुकलुकले की सासूबाई पदर सारखा करत उठायच्या, चहा गाळायच्या आणि कप दाराजवळच्या खुर्चीपुढं ठेवायच्या. चहावर साय धरेपर्यंत समोर बसून गावाकडचं सांगायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्याली. मुलगा गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. मला त्यांची भीती वाटायची. आणि खरं सांगते, दुपार झाली की माझेही कान जिन्याकडे लागायचे.

पण ऑफिसनं तंबी दिली. दुपारचं काम असंच अर्धवट राहणार असेल, तर आम्ही दुसरं माणूस बघतो म्हणाले. केबलवाल्याला बोलवावंच लागलं.

तो नवऱ्याच्या ओळखीतला. त्यानं वायर बदलून पाहिली, पिना घट्ट केल्या, मग लॅपटॉप उघडून आमचा नंबर शोधला.

"वहिनी, तुमच्याच नंबरचा अजून एक मॉडेम चालू आहे."

प्रत्येक मॉडेमला कारखान्यातूनच स्वतःचा एक नंबर मिळतो, म्हणाला. त्यावरून केबलच्या ऑफिसला घर ओळखू येतं. एकाच नंबरचे दोन लागले, की मागून आलेला आधीच्याला हाकलतो. नवरा गेल्यावर आमचा जुना मॉडेम बंद पडला होता. नवीन नोंदवायला गिऱ्हाइकाची सही लागते, आणि गिऱ्हाईक तर गेलेलं.

"तुमच्यापुढं तेव्हा कागद धरवेना, वहिनी. म्हणून जुनाच नंबर नव्यात टाकला. आमच्यात सगळेच करतात."

जुना मॉडेम भंगारात जायचा होता. तो कुणीतरी दुरुस्त करून मागच्या गल्लीतल्या एका भाडेकरूकडे बसवला होता. तोही चाकणला, पहिल्या शिफ्टला. सकाळी बंद करून जाणारा आणि घरी आला की बटण लावणारा.

केबलवाला तिथं जाऊन आला आणि त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. मॉडेमच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं अजून होती. खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा झाली, की नवरा घरी येऊन मॉडेमचीही करायचा. "नारळ तेवढा राहिला," म्हणून मी त्याला चिडवायचे. तो फोटो बघून मला रडू कोसळलं. म्हणजे तो रोज दुपारी येतच होता, फक्त दुसऱ्याच्या घरी.

केबलवाल्यानं आमच्या मॉडेमला त्याचा स्वतःचा नंबर परत दिला आणि कनेक्शन माझ्या नावावर केलं. सासूबाईंना मी सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चौकात बस आली आणि गेली. दिवे हलले नाहीत. सासूबाई चहा गाळून बसल्या होत्या.

"आज ओव्हरटाइम आसंल," म्हणाल्या, आणि कपातला चहा परत पातेल्यात ओतला.

पुढचे काही दिवस त्या हेच म्हणत राहिल्या. मग तेही म्हणेनाशा झाल्या. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. चहा ठेवला तरी उठेनात.

परवा माझं काम ऐन भरात होतं. चौकात बस थांबल्याचा आवाज आला. सासूबाईंनी कूसही बदलली नाही. मी हात लांब केला आणि मॉडेमचं बटण बंद केलं.

"आई, उठा," मी म्हणाले, "आलेत हे."