मंगेश ऑनलाइन

छोटासा लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरून, आरतीचं ताट फिरवावं तसे आमचे शेजारी घरभर फिरायचे. खिडकीशी, मोरीशी, जिन्याखाली. मग गल्लीत येऊन जो पहिला दिसेल त्याला सांगायचे, "वायफाय दिसून राहिलं गा, पण लागून नाही राहिलं."

महाल भागातल्या आमच्या गल्लीला हे वाक्य पाठ झालं होतं. भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय काका, लागलं का?"

"दिसून राहिलं."

"मंग पाहतच राहा!" म्हणून ती पुढे जायची, आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले होते. त्यांची भिंत ती आमची भिंत, आणि आमचं वायफाय तेच त्यांचं. बायको वारलेली, एकुलती मुलगी पुण्यात. तिच्या ऑफिसातलं काम एका महागड्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर या गृहस्थांनी कुठून तरी मिळवून आपल्या त्या छोट्या, जुन्या लॅपटॉपवर चढवलं होतं. अर्थात चोरवाटेनं. पडदा उजळला, आवाज आला, फक्त वायफाय लागेना.

"नवीनच घ्या ना," मी म्हणालो.

"नवीन काहून घेऊ गा? हे मेलं थोडंच आहे? पोरगी येते न् दोन दिवसांत पळते. म्हणते, बाबा, इथं काम नाही होत. हे लागलं ना, तर महिनाभर थांबन."

असा खटपट्या माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो, आणि आपला पंखा बंद पडला की त्यालाच हाक मारतो. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची.

पुढे त्यांना शोध लागला, की आतलं वायफायचं कार्डच त्या सॉफ्टवेअरशी धड जुळत नाही. दुसऱ्या जातीचं कार्ड हवं, ते एखाद्या जुन्या लॅपटॉपमधून काढता येईल.

जुना लॅपटॉप माझ्याकडे होता. माझ्या मुलाचा, मंगेशचा. कन्हानहून येताना तो मोटरसायकलवरून पडून गेला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. लॅपटॉप त्याच्या कपाटात होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असं बायकोचं सांगणं होतं. मला मात्र तो तिथे आहे हेच सहन होत नसे. एका दुपारी ती देवळात गेली असताना मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्याकडे नेऊन दिला.

"घरी कळू देऊ नका," मी म्हणालो.

"कोणालेच नाही सांगत, भाऊ," ते म्हणाले.

काही दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, बायको स्वयंपाकघरातून माझा फोन घेऊन आली. आमच्या वायफायवर या क्षणी कोण कोण आहे ते फोनवर दिसायचं. ती सोय मंगेशनेच करून ठेवली होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला त्याने नाव दिलं होतं. आईचा फोन, बाबांचा फोन, मंगेश.

"हे पाहा," ती म्हणाली.

तिसऱ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मंगेश ऑनलाइन.

मी त्याच्या खोलीत गेलो. खुर्ची टेबलात सरकवलेली, पलंगावर चादर. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचे दिवे भराभर लुकलुकत होते, तो रात्री काम करत बसला की लुकलुकायचे तसे. बायको मागे उभी होती. ती घाबरली नव्हती.

"काम करून राहिला तो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "टीव्ही बंद करा."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते नाव यायचं. ती दाराशी चहाचा कप ठेवायची. फोनवर बोलायची तर कुजबुजत. नाव गेलं, की "झोपला वाटते," म्हणून खोलीतला दिवा मालवायची. वर्षभर न जेवल्यासारखी जेवणारी बाई पोटभर जेवू लागली. मी तिच्याशी वाद घातला नाही. खरं म्हणजे मीही त्या दारावरून जाताना पाय न वाजवता जाऊ लागलो होतो.

त्याच दिवसांत शेजारी गल्लीभर सांगत होते, "लागलं गा, लागलं!" पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत.

दसऱ्याला बायको त्यांच्याकडे सोनं द्यायला गेली आणि तिचा ओरडा ऐकू आला. मी धावलो. टेबलावर मंगेशचा लॅपटॉप उघडा पडला होता, झाकणावर त्याने चिकटवलेला वाघ तसाच होता.

"कपाटातला आहे हा! तुमच्याकडे कसा आला, भाऊजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात माणसं जमली होती. "किल्ली तं यायच्याच जवळ राहते," कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही दिला का?" बायकोने मला विचारलं.

"मले काय माहीत," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "चुकलं वहिनी," एवढंच म्हणाले. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर लॅपटॉप, त्यावर कागदात गुंडाळलेलं ते नखाएवढं कार्ड आणि आमची किल्ली ठेवलेली होती. त्या संध्याकाळी नाव आलं नाही, तेव्हा कळलं, मंगेशने दिलेलं नाव त्या कार्डालाच चिकटलेलं होतं. दिवाळीला त्यांची मुलगी आली आणि भाऊबीजेआधीच गेली. भाजीवाली त्यांच्या दाराशी थांबेनाशी झाली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेल्या उन्हाळ्यात माझी बायकोही गेली. गल्लीत जुनी माणसं अजून त्यांना चोर म्हणतात. ते चोर नव्हते. लॅपटॉप मी दिला होता.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी बायकोने ते कार्ड माझ्या हातात ठेवलं.

"त्याह्यले म्हणा, परत लावा. मी काही बोलणार नाही. फक्त लावा म्हणा."

मी गेलो. त्यांच्या खोलीत दिवा होता, आत खोकल्याचा आवाज येत होता. कार्ड मुठीत धरून मी थोडा वेळ पायरीवर उभा राहिलो आणि परत आलो.

"नाही म्हणाले," मी तिला सांगितलं.

तिने दाराशी ठेवलेला कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला.

ते नाही म्हणाले नव्हते. मी दार वाजवलंच नव्हतं.