पोत्यात कोपरापर्यंत हात

माणसाला नंबरानं हाक मारली की माझं डोकं फिरतं. जालना एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात मी दोन हंगाम पॅकिंगला होते. तिथं आम्हाला नावंच नव्हती. टेबलाचा नंबर, जागेचा नंबर. "तीनमधली पाच, इकडं ये!" ही पाच म्हणजे राजूरकडची मावशी, वयानं माझ्या आईपेक्षा मोठी. रोज टेम्पोत उभी राहून यायची.

हरभऱ्याचा हंगाम होता. बायका टेबलावर बी निवडायच्या, फुटका-किडका दाणा बाजूला काढायच्या. नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, दिवसात कुणी किती कट्टे, म्हणजे छोटी पोती, निवडली त्याचा. मावशी कायम तळाला. एका गुरुवारी साहेब टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तीनमधली पाच, सोमवारपासून येऊ नका." बस्स, एवढंच. मावशीच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मी पेटले. तेव्हा मी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि लिहायला बसले की उद्गारचिन्हं आपोआप पडायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मावशीला ताजं पत्रक वाचून दाखवलं. "कामगार भगिनींनो! आपण यंत्रं नाही!" असं बरंच काही.

मावशीनं चहा संपवला. "यात मी कुठंय?"

"मावशी, हे सगळ्यांचंच आहे की."

"सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच न्हाई. साहेब पाच म्हनतो, तू भगिनी म्हनती. दोघायनं बी इचारलं न्हाई, का बाई, तू हळू का करून राह्यली?"

टेबलावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. "घ्या, निघाला हिचा मोर्चा!"

कान तापले माझे. पण बरोबर होतं ते. कारण खरंच विचारलं नव्हतं. "मंग का करता हळू?"

तिनं एक दाणा दाढेखाली धरला. कटकन आवाज आला. दुसरा धरला, आवाजच नाही. "ह्यो दबला. ओला हाय. असलं बी कट्ट्यात गेलं की तापतं, बुरशी धरतं. मंग पेरल्यावर उगवंल का? मला तर हातालाच कळतं. ओला दाणा लागला की हात म्होरं सरकतच न्हाई."

हे बी औषध लावायच्या आधीचं, म्हणून चावून बघता येतं. तिच्या गावात धान्य घरात घेण्याआधी सगळेच असं बघतात, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

मी पत्रक फाडलं आणि तिला घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. चढ्या आवाजात सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "ओलावा मोजायला मीटर आहे. प्रत्येक पोत्याला लावतो आपण."

मावशी दारातूनच बोलली, "दाणे कुठून घेता?"

"पोत्याच्या तोंडातून."

"तितंच चुकून राह्यलं. वरचं वाळतं, तळाचं जमिनीची ओल धरतं. हात घाला साहेब, कोपरापर्यंत."

आम्ही गोदामात गेलो. मागोमाग बायकाही आल्या. साहेबांनी बाही वर सारली, पोत्यात हात खुपसला, तळाची मूठ काढून मीटरला लावली. आकडा बघितला, पोत्याच्या तोंडापेक्षा चांगलाच जास्त. दुसऱ्या पोत्यात हात घातला, मग तिसऱ्या. मी भांडणाच्या तयारीतच उभी होते. आता चूक एखाद्या हमालावर ढकलतील, नाहीतर मीटरवर.

"मावशी, चुकलं माझं," साहेब म्हणाले. सगळ्यांसमोर.

तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. त्याच दुपारी वही घेऊन टेबलाटेबलावर फिरले. आधी नाव विचारायचे, मग "तुम्हाला काय चांगलं जमतं?" बायका लाजल्या. मग एक ठसक्यात म्हणाली, "मला भांडण झकास जमतं!" साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि तिला टेम्पोवाल्यांशी बोलायला नेमलं. टेम्पो वेळेवर यायला लागले. एकीला दुसऱ्या जातीचा दाणा लांबून ओळखू यायचा, हे तिच्या शेजारणीलाही ठाऊक नव्हतं.

साहेब गोड बोलले म्हणून विरघळणारी मी नाही. हे उपकार नव्हते. माणूस कामाला ठेवलाय तर तो कोण आहे हे बघणं त्यांचं कामच होतं, उशिरा केलं. पण केलं, आणि आम्ही जिंकलो, हेही मी तितक्याच मोठ्यानं सांगणार.

सोमवारी मावशी आली ती टेबलावर नाही, फाटकापाशी. माल आत घ्यायचा की नाही, हे बघायला. मालाचा पहिलाच टेम्पो पिंपळगाव रेणुकाईकडचा. मावशी एकेका पोत्यात हात घालून बघायला लागली तसा ड्रायव्हर वैतागला. "मीटर लावा की साहेब! ह्या बाईला काय कळतंय?"

"मीटर लावणारच," साहेब म्हणाले. "पण कुठल्या पोत्याला, ते ह्या सांगतील."

त्यांनी समोरच्या पोत्याकडं हात नेला.

"ते न्हाई," मावशी म्हणाली, "मागचं."

साहेब मागच्या पोत्याकडं वळले.